हर्बर्ट डिंगल यांचा प्रश्न आणि संदर्भचौकटींचा वाद : ‘सायन्स ॲट द क्रॉसरोड्स’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये विशिष्ट सापेक्षता सिद्धांत मांडला, तेव्हापासून त्यावर आक्षेप घेणाऱ्यांची परंपरा अखंड चालत आली आहे. यांतील बहुतेक आक्षेप विषयाशी पुरेसा परिचय नसलेल्यांनी घेतलेले असल्यामुळे अभ्यासकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, आणि ते स्वाभाविकही होते. हर्बर्ट डिंगल (१८९०–१९७८) यांचा आक्षेप मात्र या वर्गात बसत नाही. डिंगल हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आणि पुढे युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. विज्ञानाचा इतिहास व तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय होता. १९५१ ते १९५३ या काळात ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. विशेष म्हणजे १९२२ आणि १९४० मध्ये त्यांनी सापेक्षतेचा परिचय करून देणारी पुस्तके लिहिली होती. ज्याने हा विषय इतरांना शिकवला त्यानेच उत्तरायुष्यात तो तर्कदृष्ट्या अशक्य ठरवावा, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात विरळ आहे.

१९७२ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, डिंगल यांनी ‘सायन्स ॲट द क्रॉसरोड्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाची दोन प्रकारे वासलात लावली जाते. एका पक्षाच्या मते तो वृद्धापकाळातील हट्टाचा नमुना आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते तो प्रस्थापित विज्ञानाने दडपलेल्या सत्याचा दस्तऐवज आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांपासून अंतर राखून ग्रंथातील मूळ प्रश्नाची चिकित्सा केली आहे. डिंगल यांचा तर्क चुकीचा आहे आणि ती चूक नेमकेपणाने दाखवता येते. परंतु त्यांना मिळालेली अनेक उत्तरेही तितकीच सदोष होती. ती सदोष उत्तरे अध्यापनात आजही ऐकू येतात, म्हणून हा जुना वाद अध्यापकांच्या दृष्टीने अद्याप संपलेला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. ग्रंथाची भूमिका

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात नैतिक प्रश्नाची आणि दुसऱ्या भागात बौद्धिक प्रश्नाची चर्चा आहे. हा क्रम सूचक आहे. सिद्धांत चुकीचा आहे एवढेच डिंगल यांना सांगायचे नाही. एका साध्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे शास्त्रज्ञांनी टाळले आणि त्यामुळे विज्ञानाच्या प्रामाणिकपणालाच बाधा आली, ही त्यांची प्रमुख तक्रार आहे. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षांचा पत्रव्यवहार ग्रंथात मांडला आहे. सदोष सिद्धांतावर विसंबून केलेले प्रयोग एक दिवस समाजावर संकट आणतील, अशी भीतीही त्यांनी व्यक्त केली आहे.

या भूमिकेला पूर्वेतिहास आहे. १९५०च्या दशकात ‘नेचर’ या नियतकालिकात डिंगल आणि विल्यम मॅक्री यांच्यात जुळ्या भावंडांच्या विरोधाभासावर वाद झाला. तेव्हा डिंगल सिद्धांत मान्य करीत होते. अंतराळप्रवासी भाऊ घरी राहिलेल्या भावापेक्षा तरुण राहील, हा निष्कर्ष मात्र सिद्धांतातून निघत नाही असे त्यांचे म्हणणे होते. असा निष्कर्ष सिद्धांतातून निघतोच, हे तज्ज्ञांनी ठामपणे सांगितल्यावर त्यांनी दुसरे टोक गाठले. निष्कर्ष निघत असेल तर सिद्धांतच आत्मविसंगत आहे, असे ते म्हणू लागले. ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘नेचर’ने त्यांचा आक्षेप आणि मॅक्री यांचे उत्तर एकाच अंकात छापले. म्हणजे डिंगल यांना बोलू दिले गेले नाही, हे म्हणणे पूर्णतः खरे नाही. उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, हे मात्र खरे आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांच्याशी असलेला डिंगल यांचा संबंधही येथे लक्षात घ्यावा लागतो. एप्रिल १९२२ मध्ये पॅरिस येथे बर्गसाँ आणि आइन्स्टाइन यांची समोरासमोर चर्चा झाली, आणि त्याच वर्षी बर्गसाँ यांचा कालावधी व समकालिकता यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा त्याची प्रस्तावना डिंगल यांनी लिहिली. दोघांच्या विचारांत भेद असला तरी एक धागा समान आहे. घड्याळांच्या वाचनातील फरक ही एका निरीक्षकाने दुसऱ्याला चिकटवलेली संख्या आहे, प्रत्यक्षात घडलेली गोष्ट नव्हे, ही ती धारणा होय.

२. प्रश्नाची मांडणी

डिंगल यांच्या प्रश्नाचा आशय असा आहे. तंतोतंत सारखी दोन घड्याळे एकमेकांच्या सापेक्ष एकसमान वेगाने जात असतील, तर सिद्धांतानुसार त्यांतील एक मंद चालले पाहिजे. पण कोणते घड्याळ स्थिर आणि कोणते गतिमान, हे ठरवण्यास सिद्धांतच मनाई करतो. मग कोणते घड्याळ मंद चालते, हे सिद्धांताशी सुसंगत राहून कसे ठरवावे? पहिले दुसऱ्यापेक्षा मंद आणि दुसरे पहिल्यापेक्षा मंद, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे अशक्य आहे. म्हणून सिद्धांत त्याज्य आहे.

प्रश्नाची ताकद त्याच्या साधेपणात आहे. त्यासाठी गणित लागत नाही. सामान्य वाचकालाही तो समजतो. त्याचा दोषही त्याच साधेपणात दडलेला आहे. ‘अ हे ब पेक्षा मंद चालते’ हे वाक्य ‘अ हा ब पेक्षा बुटका आहे’ या वाक्यासारखे दिसते. बुटकेपणाची तुलना करण्यासाठी दोघांना एकदा शेजारी उभे केले की पुरते. घड्याळाच्या चालीची तुलना तशी होत नाही. चाल ठरवण्यासाठी दोन क्षणांची वाचने लागतात, आणि सरळ रेषेत दूर जाणारी दोन घड्याळे एकदाच भेटतात. दुसऱ्या वाचनासाठी तिसरे घड्याळ आणावे लागते. डिंगल यांच्या मांडणीतही अशी पूरक घड्याळे आहेत. पण निष्कर्ष काढताना त्यांचा उल्लेख गळून पडतो. संपूर्ण वाद या गळालेल्या घड्याळात आहे.

३. घड्याळांचे एक उदाहरण

मुद्दा अंकांनी स्पष्ट होईल. अ आणि क ही दोन घड्याळे एकाच चौकटीत स्थिर आहेत. त्यांच्यातील अंतर ६ प्रकाश-मिनिटे आहे, म्हणजे प्रकाशाला तेथे पोहोचण्यास ६ मिनिटे लागतात. त्या चौकटीत दोन्ही घड्याळे जुळवून घेतलेली आहेत. ब हे तिसरे घड्याळ प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने अ वरून क कडे जाते. अ शेजारून जाताना अ आणि ब दोन्ही शून्य दाखवतात. हा वेग असताना कालविस्ताराचा गुणक १.२५ येतो.

ब जेव्हा क पाशी पोहोचते तेव्हा क वर १० मिनिटे झालेली असतात आणि ब वर ८. ही दोन घड्याळांची एकाच ठिकाणची भेट आहे. तेथे छायाचित्र घेतले तर त्यात हेच दोन आकडे दिसतील. त्याविषयी कोणत्याही चौकटीत मतभेद नाही. अ च्या चौकटीतील निरीक्षक यावरून म्हणतो की १० मिनिटांत ब ने ८ मिनिटेच मोजली, म्हणून ब मंद आहे.

ब च्या चौकटीतील निरीक्षकाला हे छायाचित्र मान्य आहे, पण त्यावरून काढलेले अनुमान मान्य नाही. त्याच्या हिशेबाने, अ आणि ब यांची भेट झाली त्या क्षणी क वर शून्य नव्हते, ३.६ मिनिटे होती. म्हणजे ब ची ८ मिनिटे होईपर्यंत क ३.६ वरून १० वर गेले, त्याची ६.४ मिनिटेच झाली. ८ ला १.२५ ने भागले असता ६.४ येतात. त्यामुळे क मंद आहे, आणि त्याच कारणाने अ सुद्धा.

आता डिंगल यांचा प्रश्न पुन्हा विचारता येतो. ब आणि क यांच्या भेटीच्या क्षणी दूर असलेल्या अ वर किती वाजले आहेत? अ च्या चौकटीत उत्तर १० आहे, ब च्या चौकटीत ६.४. ‘त्या क्षणी’ या शब्दांचा अर्थ दोन चौकटींत वेगळा असल्यामुळे ही दोन उत्तरे एकाच प्रश्नाची नाहीत. पहिल्या विधानात ब ची तुलना अ आणि क या जोडीशी आहे. अ मंद आहे असे म्हणताना अ ची तुलना ब आणि ब च्या चौकटीत जुळवलेले आणखी एक घड्याळ यांच्या जोडीशी असते. दोन वेगळ्या तुलनांची फलिते परस्परविरोधी असू शकत नाहीत. १९६७च्या उत्तरात मॅक्री यांचा रोख याच मुद्द्यावर होता.

एका फाट्यावरून दोन दिशांना फुटणाऱ्या दोन सरळ रस्त्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. दोन वाटसरू सारख्याच चालीने दोन रस्त्यांनी निघाले. प्रत्येकाने ‘पुढे’ म्हणजे स्वतःच्या रस्त्याची दिशा असे ठरवून मोजले, तर प्रत्येकाला दुसरा मागे पडलेला दिसेल. यात कोणाचीही चूक नाही आणि विसंगतीही नाही. ‘पुढे’ या शब्दाला दोन संदर्भ आहेत एवढेच. १९०८ मध्ये हर्मान मिन्कोव्स्की यांनी अवकाश-कालाची जी भूमिती मांडली, तिने सापेक्षतेतील परस्पर मंदत्वाला असाच भूमितीय अर्थ दिला. त्या भूमितीत एक चिन्ह वेगळे असते, हा भेद मात्र लक्षात ठेवावा लागतो.

४. प्रकाशवेग, समकालिकता आणि संकेत

३.६ मिनिटांचा फरक कोठून आला, हा पुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रकाशवेगाच्या गृहीतकात आहे. अ आणि क जुळवण्यासाठी अ वरून शून्य वाजता प्रकाशझोत सोडला, तो क वरून परावर्तित होऊन १२ मिनिटांनी परतला. म्हणून तो पोहोचला तेव्हा क वर ६ वाजले असे ठरवले. जाण्यास आणि येण्यास सारखाच वेळ लागला, हे येथे धरले आहे.

ब च्या चौकटीतून पाहता हीच घटना वेगळी दिसते. तेथे अ आणि क मधील अंतर ४.८ प्रकाश-मिनिटे आहे आणि दोन्ही घड्याळे मागे सरकत आहेत. जाताना क हे प्रकाशाकडे येत असल्याने झोत ३ मिनिटांत पोहोचतो. परतताना अ दूर पळत असल्याने त्याला १२ मिनिटे लागतात. एकूण १५ मिनिटे होतात, आणि १२ ला १.२५ ने गुणले असता तेवढीच येतात. पहिल्या ३ मिनिटांत क ची २.४ मिनिटे होतात. झोत पोहोचताना क वर ६ असतील, तर झोत निघाला तेव्हा तेथे ३.६ होती. हिशेब पूर्ण जुळतो.

या ठिकाणी अनेक टीकाकारांची आणखी एक गफलत उघड होते. ३ आणि १२ मिनिटे येण्यासाठी अंतर मिटण्याचा वेग अनुक्रमे प्रकाशवेगाच्या १.६ पट आणि ०.४ पट धरावा लागतो. हे पाहून प्रकाशवेग स्थिर राहिला नाही असा दावा केला जातो. पण ही संख्या म्हणजे एकाच चौकटीतून पाहिलेल्या दोन वस्तूंमधील अंतर कमी होण्याचा दर आहे. ब च्या चौकटीत प्रकाशाचा स्वतःचा वेग दोन्ही वेळा तोच आहे.

जाण्या-येण्याचा वेळ सारखा मानणे हा अनुभव आहे की संकेत? १९०५च्या निबंधाच्या पहिल्याच विभागात आइन्स्टाइन यांनी ती व्याख्या म्हणून मांडली आहे. एकेरी वेग मोजण्यासाठी दूरची दोन घड्याळे आधी जुळवलेली असावी लागतात, आणि ती जुळवण्यासाठी एकेरी वेग माहीत असावा लागतो. या चक्रामुळे प्रयोगातून मिळतो तो जाऊन-येऊन वेग. हान्स रायशेनबाख यांनी १९२८च्या ग्रंथात समकालिकतेचे हे सांकेतिक स्वरूप विस्ताराने मांडले. उलट, सिद्धांताची कार्यकारण-रचना मान्य केल्यावर ठरावीक अटींत आइन्स्टाइन यांचीच व्याख्या निष्पन्न होते, असे डेव्हिड मॅलमेंट यांनी १९७७ मध्ये दाखवले. हा वाद तत्त्वज्ञांत आजही जिवंत आहे. डिंगल यांच्या प्रश्नासाठी त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची आहे. संकेत बदलला तर ‘कोणते मंद’ याचे उत्तर बदलते, पण भेटीच्या ठिकाणची ८ आणि १० ही वाचने बदलत नाहीत. जे बदलते ते वर्णन आणि जे बदलत नाही ती घटना, हा भेद डिंगल यांच्या ग्रंथात कोठेही स्थिर होत नाही.

५. उत्तरे देणाऱ्यांची उणीव

येथपर्यंतचे विवेचन डिंगल यांच्या विरोधात जाते. पण ग्रंथाच्या पहिल्या भागाकडे दुर्लक्ष करणे न्याय्य ठरणार नाही. डिंगल यांना मिळालेल्या उत्तरांत एकवाक्यता नव्हती. कोणी प्रश्नच निरर्थक ठरवला, कोणी सामान्य सापेक्षतेकडे बोट दाखवले, कोणी तज्ज्ञतेच्या अभावाचे कारण दिले. सिद्धांत बरोबर आहे यावर सर्वांचे एकमत असताना तो का बरोबर आहे यावर इतकी भिन्न उत्तरे यावीत, याचे डिंगल यांना वाटलेले आश्चर्य अनाठायी नव्हते.

यांतील सर्वांत रूढ उत्तर प्रवेगाचे आहे. प्रवासी भाऊ मागे वळताना प्रवेगित होतो, म्हणून तोच तरुण राहतो, असे सांगितले जाते. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९१८ मध्ये लिहिलेल्या एका संवादात्मक लेखात या विरोधाभासाचे स्पष्टीकरण सामान्य सापेक्षतेच्या आधारे दिले होते. प्रवेग हे दोन भावांतील भेद ओळखण्याची खूण आहे. पण वयातील फरकाचे ते कारण नव्हे. वरील उदाहरणात ब च्या जागी क पाशी समोरून तितक्याच वेगाने येणारे ड हे घड्याळ घेऊन ते ब नुसार ८ वर लावले, तर कोणत्याही घड्याळाला प्रवेग नसतानाही ड हे अ पाशी पोहोचते तेव्हा ड वर १६ आणि अ वर २० मिनिटे असतात. चौकट बदलताच अ चे ‘त्या क्षणीचे’ वाचन ६.४ वरून १३.६ वर जाते, मधली ७.२ मिनिटे परतीच्या चौकटीच्या समकालिकतेत आधीच होऊन गेलेली असतात. फरकाचे मूळ मार्गाच्या भिन्नतेत आहे. पुण्याहून नाशिकला सरळ जाणारा आणि वळसा घालून जाणारा यांच्या अंतरात फरक पडतो तो वळणामुळे असे म्हणता येईल, पण वळणाच्या जागी अंतर वाढलेले नसते. मार्गच लांब असतो. येथे फक्त नियम उलटा आहे : सरळ मार्गावर सर्वाधिक काळ जातो.

डिंगल यांच्या एका निरीक्षणातही तथ्य आहे. विषुववृत्तावरचे घड्याळ ध्रुवावरच्या घड्याळापेक्षा किंचित मंद चालेल, असे १९०५च्या निबंधात म्हटले आहे, आणि डिंगल या विधानाकडे वारंवार वळतात. सममितीच्या आधारे ध्रुवावरचे घड्याळही तितकेच मंद ठरवता येईल हा त्यांचा युक्तिवाद टिकत नाही, कारण विषुववृत्तावरचे घड्याळ वर्तुळाकार फिरते. मात्र मूळ विधानही पृथ्वीला लागू पडत नाही. समुद्रसपाटीवर गुरुत्वाचा परिणाम गतीच्या परिणामाची भरपाई करतो आणि दोन्ही घड्याळे सारखीच चालतात. १९०५ मध्ये हे कळणे शक्य नव्हते.

हासोक चांग यांनी १९९३च्या निबंधात डिंगल यांचे बंड त्यांच्या अनुभववादी विज्ञानदृष्टीतून समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. ही दृष्टी सहानुभूतीची आहे आणि उपयुक्तही. परंतु तीच कसोटी डिंगल यांना लावली तर निर्णय त्यांच्या विरोधात जातो. संकल्पनेला अर्थ मोजमापाच्या कृतीतून येतो असे मानणाऱ्याने दोन दूरच्या घड्याळांची चाल कोणत्या कृतीने मोजली, हे प्रथम सांगायला हवे होते.

६. अनुभवाचा पुरावा आणि त्याची मर्यादा

ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी प्रवासी विमानांतून सीझियम घड्याळे पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. अपेक्षित आकडे ४० मागे आणि २७५ पुढे असे होते, आणि त्रुटीची मर्यादा लक्षात घेता मेळ समाधानकारक होता. १९७७ मध्ये सर्न येथील वलयात फिरणाऱ्या म्यूऑन कणांचे आयुष्य २.२ वरून सुमारे ६४ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढलेले आढळले. तेथे कणांना गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १०चा १८वा घात इतके त्वरण होते, तरी वाढ केवळ वेगाच्या गुणकाइतकीच निघाली. प्रवेग हे कारण नव्हे, याचा हा प्रत्यक्ष दाखला आहे.

प्रकाशाचा वेग उगमाच्या गतीवर अवलंबून असतो, या वाल्टर रिट्झ यांच्या पर्यायाकडे डिंगल यांचा ओढा होता. १९६४ मध्ये सर्न येथेच प्रकाशवेगाच्या ०.९९९७५ पट वेगाने जाणाऱ्या पायॉन कणांतून निघालेल्या गॅमा किरणांचा वेग नेहमीच्या प्रकाशवेगाइतकाच भरला. रिट्झ यांचे मत खरे असते तर तो जवळजवळ दुप्पट यायला हवा होता. अशा प्रयोगांचे अर्थ प्रचलित सिद्धांतांवरच उभे असतात, हा डिंगल यांचा प्रत्याक्षेप तत्त्वतः विचारार्ह आहे. पण दुपटीचा फरक इतका ठळक आहे की उगमाचा वेग ढोबळमानाने माहीत असला तरी निर्णय बदलत नाही.

तरीही एका बाबतीत डिंगल यांच्याशी सहमत व्हावे लागते. प्रयोगाचे यश तार्किक विसंगतीचे उत्तर असू शकत नाही. सिद्धांत विसंगत आहे असे म्हणणाऱ्याला विमानातील घड्याळांचे आकडे दाखवणे म्हणजे प्रश्न बदलणे होय. विसंगतीच्या आरोपाचे उत्तर तर्कानेच द्यावे लागते. ते उत्तर लोरेंट्झ रूपांतरणात आहे : एका चौकटीतील प्रत्येक घटनेला दुसऱ्या चौकटीत नेमके एकच स्थान व एकच वेळ मिळते, आणि उलट रूपांतरणाने मूळ आकडे परत येतात. अशा मांडणीतून एकाच भेटीची दोन वेगळी वाचने कधीच निघत नाहीत.

समारोप

‘सायन्स ॲट द क्रॉसरोड्स’ हा ग्रंथ सापेक्षतेचे खंडन म्हणून अयशस्वी आहे. ज्या वाक्यावर तो उभा आहे ते वाक्य अपुरे आहे. ते पूर्ण केले की विरोध उरत नाही. पण हे अपुरे वाक्य डिंगल यांनी शोधलेले नव्हते. ‘गतिमान घड्याळ मंद चालते’ हे पाठ्यपुस्तकांतून आणि वर्गांतून सर्रास उच्चारले जाणारे वाक्य आहे. मराठीतून शिकवतानाही ते तसेच उतरते, आणि कोणाच्या सापेक्ष गतिमान, कोणत्या घड्याळांच्या जोडीशी तुलना केली असता मंद, हे दोन्ही संदर्भ सुटतात. नंतर एखादा चौकस विद्यार्थी डिंगल यांचाच प्रश्न विचारतो आणि त्याला प्रवेगाचे किंवा प्रयोगाचे उत्तर देऊन बसवले जाते.

‘अ च्या चौकटीत जुळवलेल्या दोन घड्याळांशी ताडून पाहता ब ची मिनिटे कमी भरतात’ हे वाक्य लांब आहे, पण पूर्ण आहे. समकालिकतेची सापेक्षता कालविस्ताराच्या आधी शिकवली, आणि वरीलसारखे एक उदाहरण अंकांनिशी फळ्यावर सोडवले, तर हा प्रश्न एका तासिकेत सुटतो. डिंगल यांनी त्यासाठी आयुष्याची अखेरची दोन दशके खर्च केली. त्यांच्या चुकीचा भार त्यांच्यावरच आहे. परंतु योग्य प्रश्नाला अयोग्य कारणाने दिलेले बरोबर उत्तर हे उत्तर नसते, ही त्यांची तक्रार अध्यापकवर्गाने ऐकून घ्यावी अशीच आहे.